खाली जाणारे बुडबुडे

१

रविवारी देवळातल्या पहिल्या मिस्साहून घरी आलं की मार्सेल बाहेरचा शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि बनियनवरच माशांचं पाणी बदलायला बसायचा. टाकी लेकीची. मर्लिनला पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याला तिच्या मामानं दिलेली. पण नऊ वर्षांच्या पोरीला बादल्या थोड्याच उचलता येणार! ती समोर पाट टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. "पप्पा, हळू. पप्पा, तो काळा घाबरला बघा."

मार्सेल शाळेत पोरांना बँड शिकवायचा आणि लग्नसराईत फ्रेडरिकच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. उभी हयात फुंकण्यात गेलेल्या माणसाला नळीनं पाणी ओढणं म्हणजे पोरखेळ. रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात; एकदा ओढलं की पाणी ओठांशी यायचं आणि मग आपसूक बादलीत पडत राहायचं. जुनं पाणी केळीच्या बुंध्यात जायचं. खडी धुऊन पुन्हा पसरायची, नवं पाणी तांब्यातांब्यानं काचेच्या कडेनं सोडायचं, की झालं.

नवं पाणी घातलं की टाकीत सगळीकडे बारीक बारीक बुडबुडे चिकटतात. काचेला, प्लास्टिकच्या वेलीला, खडीला, कधी माशांच्या पाठीलासुद्धा. सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे. मर्लिनला ते फार आवडायचे. ती काचेवर टिचकी मारायची आणि बुडबुडे सुटून सरसर वर जायचे. संध्याकाळपर्यंत एकही उरायचा नाही.

हे सत्त्याण्णव साल. त्या मे महिन्यात वसईजवळच्या होळी गावातल्या विहिरींना खारट चव यायला लागली होती. मार्सेलच्या विहिरीचं पाणी रोझमेरी मोगऱ्याला घालायलाही कचरत होती, मग माशांना कुठून घालणार! म्हणून त्या रविवारी मार्सेल शेजारच्या लुईसच्या वाडीत गेला. तिथली विहीर रहाट मोडल्यापासून कुणी उपसली नव्हती. यंदा लुईसनं गाळ काढून तिच्यावर पंप बसवला होता. पाणी गोड निघालं होतं, आणि इतकं नितळ की बादलीचा तळ हाताला लागेल असं वाटावं. हात घातला तर मात्र गारठा थेट कोपरापर्यंत चढायचा.

त्या दिवशी बुडबुडे नेहमीपेक्षा जास्त चिकटले. मर्लिन खूष झाली. संध्याकाळी रोझमेरीनं चहा दिला, तो घेऊन मार्सेल टाकीसमोर बसला होता. काचेच्या मध्यावर एक बुडबुडा होता, वाटाण्याएवढा. तो सुटला.

मार्सेलनं कप खाली ठेवला. बुडबुडा वर गेला नव्हता. काचेच्या आतल्या अंगानं संथपणे खाली उतरत तो खडीपर्यंत पोचला आणि दोन खड्यांच्या मधून आत शिरला.

२

सकाळी उठल्या उठल्या त्यानं स्वतःची समजूत घातली. टाकीतल्या हवेच्या पंपामुळे पाणी फिरतं, काचेशी येऊन खाली वळतं, त्याच्याबरोबर एखादा बुडबुडा खाली ओढला जाणारच. नदीच्या भोवऱ्यात काय होतं? तेच.

त्यानं पंपाची पिन काढली. घरात सतत असणारी ती घरघर बंद झाली, तेव्हा घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. टाकीतलं पाणी हळूहळू निवांत झालं. काळे मासे वेलीखाली गोळा झाले होते. दोन सोनेरी मासे डाव्या कोपऱ्यात शेपटीला शेपटी लावून थांबले होते. उजव्या कोपऱ्याकडे कुणीच फिरकत नव्हतं.

तिथे पाण्याच्या पृष्ठभागावर एक खळी पडली. वरून कुणी बोटाचं टोक टेकवावं तशी. खळी खोल होत गेली, वरून मिटली, आणि तिचा बुडबुडा होऊन खाली निघाला. खडीत शिरला. खडी तसूभरही हलली नाही. मग दुसरी खळी पडली.

"रोझी, जरा इकडे ये."

"मोगरा ओवायचा तसाच पडलाय माझा. काय झालं?"

"ये तर."

रोझमेरी ओल्या हातांनी आली. मार्सेलनं बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली.

"बुडबुडे कुठं जातात सांग."

"खाली."

"बुडबुडा खाली जातो कधी?"

"आता जातोय ना तुझ्यासमोर? मग जात असेल." तिनं पदराला हात पुसले. "मासे मेले का?"

"नाही."

"मग? शाळेला सुट्टी लागली की तुला असलं काहीतरी सुचतं. त्यापेक्षा मागच्या पन्हाळीचं बघ."

ती गेली. तिचं बोलणं ऐकून मार्सेललाही बरं वाटलं. आपल्याला कारण सापडत नाही म्हणून कारण नसतं असं थोडंच आहे! त्यानं पंप पुन्हा लावला. त्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या सच्छिद्र दगडातून हवेची माळ नेहमीसारखी वर जाऊ लागली. फक्त उजव्या कोपऱ्यात तिच्या उलट, तितक्याच नेमानं, दुसरी माळ खाली उतरत होती.

मर्लिन काचेला कान लावून बसली होती.

"पप्पा, खाली कोणीतरी स्ट्रॉनं पितंय."

तो हसला. मग तिला बाजूला सरकवून त्यानं स्वतःचा कान लावला. काच थंडगार होती. पंपाच्या घरघरीच्या खाली काहीतरी होतं, बारीक आणि सलग. देवळात बाकावर आपल्या शेजारी बसलेला माणूस नाकानं श्वास घेतो तेव्हा ऐकू येतं, तसं. फक्त तो माणूस श्वास सोडायला कुठं थांबत नव्हता.

मार्सेलनं कान काढला आणि लेकीला म्हणाला, "पंपाचा आवाज आहे. चल, बाहेर खेळ."

३

निर्मळ गावी फ्रेडरिकच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. मार्सेल रोज संध्याकाळी हॉलमध्ये उभा राहून लांब सुरांचा सराव करायचा. एकच सूर धरायचा आणि दम असेतो धरून ठेवायचा. त्याचा दम सगळ्या वसईत नावाजलेला. नवरा-नवरी देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत हा एका सुरावर उभा राहतो, असं लोक कौतुकानं सांगायचे.

त्या संध्याकाळी सूर मध्येच गेला.

दम संपत आला की सूर थरथरतो, पातळ होतो, मग विझतो. तसं काही झालं नाही. सूर भरदार लागला होता, आणि पुढच्या क्षणी तिथे नव्हता. ट्रम्पेट ओठांना होता, छाती अजून अर्धी भरलेली होती, ओठ थरथरत होते, पण आवाज नव्हता. कुणी उरलेला सूर कापून नेला होता म्हणा ना.

त्यानं माउथपीस काढून पाहिला, फुंकून पाहिला, पुसून लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो उलट फिरून उभा राहिला, तोंड टाकीकडे करून. सूर आधीपेक्षाही लवकर तुटला.

"आज काय झालंय?" स्वयंपाकघरातून रोझमेरीनं विचारलं आणि बोलता बोलताच तिला मोठी जांभई आली.

"वय झालं," तो म्हणाला.

मग रोझरीच्या प्रार्थनेची वेळ झाली. क्रूसासमोर मेणबत्ती लावून तिघं गुडघे टेकून बसले. उकडत होतं, पण ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद केला होता. खिडक्याही लोटलेल्या. रोझमेरी पुढे म्हणत होती, मागून मार्सेल आणि मर्लिन म्हणत होते. मर्लिनचा आवाज हळूहळू नुसता कुजबुजीवर आला. मार्सेलनं तिला कोपरानं ढोसलं. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले.

तेवढ्यात त्याचं लक्ष ज्योतीकडे गेलं. ती कलली होती. वाऱ्यानं फडफडत नव्हती, अगदी स्थिर होती, फक्त एका अंगाला झुकून राहिली होती. मेण त्याच बाजूनं ओघळून खाली गोठलं होतं. त्यानं नजरेनं रेघ ओढली. ज्योतीच्या टोकापासून सरळ गेलं की टाकीचा उजवा कोपरा येत होता.

रोझरी संपल्यावर त्यानं काही न बोलता सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडचा सराव निर्मळला, फ्रेडरिकच्या अंगणात. मार्सेल जरा धास्तावूनच गेला होता. फ्रेडरिकनं हात वर केला, बँड सुरू झाला, आणि मार्सेलचा सूर असा लागला की केळीवरचे कावळे उठले. सूर लांबला, लांबतच गेला. शेवटी फ्रेडरिकनंच हातानं "पुरे" केलं.

"काय रे, दम लागतो म्हणत होतास ना? आमच्या कानठळ्या बसवल्यास की."

"घरी लागतो," मार्सेल म्हणाला.

"घरी बायको असते बाबा!" सगळे हसले. मार्सेलही हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

फ्रेडरिक नव्या पोरांकडे वळला. म्हातारा झाला तरी त्याची शिकवायची हौस फिटलेली नव्हती. "तुम्ही वाजवता नंतर. त्याआधी मी तुमची छाती बघतो. दोन सुरांसाठी दम घ्यायचा तर पोरगा असा, एवढासा घेतो. अख्खी ओळ वाजवायची असेल तर लांब घेतो. जेवढं लांब वाजवायचं तेवढा लांब दम. आणि दम भरला की माणूस थांबतो. एक क्षण. बघ बरं आठवून, प्रत्येक जण थांबतो. तो थांबला की मी ओळखतो, आता हा वाजवणार."

स्कूटरवरून घरी येताना हेच बोलणं मार्सेलच्या डोक्यात फिरत राहिलं. मर्लिन म्हणाली होती, पितंय. तो तेच धरून बसला होता. पण पिणारा घोट घेतो, गिळतो, पुन्हा घोट घेतो. हे रविवारपासून सलग चाललं होतं, आत, आत, नुसतं आत. पिणं कसलं, कुणीतरी दम घेत होतं. आणि एवढा लांब दम घ्यायचा तर...

पुढचा विचार त्यानं केला नाही. स्कूटरचा वेग वाढवला.

घर शांत होतं. ऊन डोक्यावर आलेलं. अंगणातून त्याला हॉलच्या दोन्ही खिडक्या दिसत होत्या, एक रस्त्याकडची, एक वाडीकडची. दोन्ही पडदे आत ओढले गेले होते. एकीकडून वारा आला तर दुसरीकडचा पडदा बाहेर जायला हवा. पण दोन्ही आतल्या बाजूला ताणलेले होते, शिडासारखे, आणि जराही फडफडत नव्हते.

तो धावत आत गेला. रोझमेरी जमिनीवर भिंतीला टेकून झोपली होती. दुपारी पाठ टेकणं तिला कधी ठाऊक नव्हतं. मांडीवर अर्धा गजरा, सुई बोटांत तशीच. मर्लिन पाटावर होती, कपाळ काचेला टेकलेलं, डोळे अर्धे उघडे. तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते.

मार्सेलनं तिला उचललं आणि अंगणात आंब्याखाली आणलं. तिनं दोन-तीनदा खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर रंग आला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, कैरी काढून द्या ना."

५

रोझमेरीला उठवायला त्याला बराच वेळ लागला.

"तू बाहेर पोरीजवळ बस," तो म्हणाला. "मी बोलवेपर्यंत आत यायचं नाही."

"तुला झालंय काय? घरात कामं पडलीत..."

"नखं बघ तुझी."

तिनं हात उजेडात धरले. नखं निळसर पडली होती. गजरा तिथेच ठेवला आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेली.

मार्सेल टाकीसमोर आला. ठरवलं होतं सोपंच. पाणी काढायचं, लांब नेऊन ओतायचं, मासे घरच्या खारट पाण्यात जगले तर जगले. बादली आणली. हात आपोआप कोपऱ्यातल्या नळीकडे गेला. आजवर तसंच केलेलं. एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं ओठांत धरलं, आणि ओढलं.

काहीच आलं नाही. त्यानं अजून जोर लावला. आणि मग नळीच्या त्या टोकानं ओढायला सुरुवात केली.

त्याचे गाल आत गेले. जीभ नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटली. छातीतला दम जायला लागला, पण फुंकताना जातो तसा नाही. फुंकताना माणूस देतो; हा घेतला जात होता, तळापासून, सावकाश, काही सांडू न देता. त्यानं नळी ओढली, ती सुटेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानं दोन्ही हातांनी नळी धरून मान मागे झटकली, तेव्हा ती ओठाचं कातडं घेऊनच सुटली. तो गुडघ्यांवर कोसळला.

समोर टाकीत नळीच्या तोंडातून एक मोठा बुडबुडा बाहेर पडला. मुठीएवढा. त्याचा स्वतःचा दम. तो संथपणे उजव्या कोपऱ्याकडे गेला, खाली उतरला, खडीवर क्षणभर टेकला आणि आत गेला.

त्यानंतर खळी पडली नाही.

मार्सेल तोंडावर हात दाबून बघत होता. एकही बुडबुडा नव्हता. पृष्ठभाग आरशासारखा झाला होता. दोन्ही खिडक्यांचे पडदे सैल पडले आणि नेहमीच्या पडद्यांसारखे लोंबत राहिले. बाहेर मर्लिन कसल्यातरी गोष्टीवरून आईशी वाद घालत होती. सगळं अगदी रोजच्यासारखं होतं.

थांबलं, त्याच्या मनात आलं. आणि मग त्या शब्दाचा अर्थ त्याला लागला.

६

स्वयंपाकघरातला वरवंटा त्याच्या हातात कसा आला ते त्याला आठवत नाही. तो टाकीसमोर होता, वरवंटा डोक्यावर उचललेला होता, आणि उजव्या कोपऱ्यातली खडी दोन बाजूंना सरकत होती. मधली फट आवळली गेली. माउथपीस लावण्याआधी वाजवणारा ओठ आवळतो, तशी. त्याला तसं दिसलं. पुढे कुणी खोदून विचारलं तर तो शपथेवर सांगायला कधी तयार झाला नाही.

मग सूर सुरू झाला.

म्हणजे नुसती त्याची सुरुवात. फार खालचा, कोणत्याच वाद्यात बसणार नाही इतका खालचा. तो कानांना कळायच्या आधी छातीला कळला. मार्सेलनं श्वास घ्यायला तोंड उघडलं तर आत काही येईना. हवा सगळीकडे होती आणि तरी घेता येत नव्हती, जणू हा सूर चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणी दम घ्यायचाच नाही. आणि वाजवणारा माणूस असल्यामुळे त्याला त्या सुरामागचा दाब कळला. आत्ता बाहेर आली होती ती नुसती फुंकर. मागे रविवारपासूनचं सगळं भरलेलं होतं.

त्यानं वरवंटा घातला.

काच फुटली. पाणी एका लोंढ्यानं त्याच्या पायांवरून गेलं, उंबऱ्यावरून अंगणात पसरलं आणि तापलेल्या मातीत जिरलं. सूर बंद झाला. मार्सेल दाराच्या चौकटीला धरून कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

आंब्याखाली रोझमेरी मर्लिनला छातीशी धरून बसली होती. दोघींचे चेहरे पांढरेफटक. कोंबड्या अंगणात जिथे होत्या तिथे पंख पसरून पडल्या होत्या. त्यातली एकेक धडपडत उठत होती.

"आत घेताच येईना," रोझमेरी म्हणाली. "मार्सेल, श्वास आत घेताच येईना मला. हिलापण."

"संपलं आता," तो म्हणाला.

मर्लिन रडायला लागली ती माशांसाठी. सोनेरी दोघं परातीत टाकल्यावर जगले. काळे सगळे गेले. मार्सेलनं सगळी खडी सुपात घेऊन चाळली. तिच्यात काहीच नव्हतं. खडीखाली काच होती आणि काचेखाली लाकडी स्टूल. तो बराच वेळ ते ओलं स्टूल हातानं चाचपत राहिला.

७

संपलं असं त्यानं बायकोला सांगितलं खरं, पण त्याचे पाय घरात ठरेनात. ते पाणी कुठून आलं होतं हे तो विसरू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपण ओलांडून लुईसच्या वाडीत गेला.

विहिरीपाशी टँकर उभा होता. विहिरीवरचा पंप धडधडत होता आणि जाड पाइपानं टँकर भरला जात होता. लुईस हातात छत्री धरून देखरेख करत होता. तो वसई शहरात फ्लॅट घेऊन राहायचा, वाडीत कधीमधी यायचा.

"ये मास्तर. पाणी हवंय का अजून?"

"लुईस, ही विहीर बंद कर."

"का? मासे मेले तुझे?"

"तू प्यायलास का हे पाणी? घरी नेलंस?"

"मी कशाला नेऊ? मला नळाचं येतं." लुईसचा स्वर बदलला. "हे बघ, पाणी विकतो म्हणून गावात लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. तू पण त्यातलाच होऊन आलास का?"

"ते नाही रे. हे पाणी..." मार्सेल अडखळला. "ते दम घेतंय."

"कोण?"

मार्सेल विहिरीच्या काठावर गेला आणि वाकला. खाली, सावलीत, पाणी दिसत होतं. सगळ्या पृष्ठभागावर खळ्या पडत होत्या, जवळ जवळ, दाट, न थांबता. भर पावसात दिसावं तसं. त्यानं मान वर केली. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. वाकल्याबरोबर त्याची टोपी डोक्यावरून निघाली आणि सरळ खाली गेली. पडली म्हणण्यापेक्षा गेली म्हणणंच बरोबर.

"बघ, ये, बघ इथं," तो ओरडला. पण पंप बंद झाला होता, क्लीनर पाइप गुंडाळत होता आणि लुईस ड्रायव्हरशी बोलत होता. मार्सेल धावत जाऊन टँकरच्या पुढे उभा राहिला.

"अंकल, बाजूला व्हा ना," ड्रायव्हर म्हणाला. "रेल्वेपलीकडे तुळिंजला लोक बादल्या घेऊन खाली उभे आहेत."

"हे पाणी तिथं नेऊ नका. रस्त्यात सोडून द्या."

"काय बोलता! पाण्यासाठी तिथं मारामाऱ्या होतात."

"आजच नेताय का? पहिलीच खेप आहे ना?"

ड्रायव्हर हसला. "पहिली? आठवडा झाला की. त्या अख्ख्या गल्लीतल्या बिल्डिंगांच्या टाक्या ह्याच पाण्यावर चालल्यात."

लुईसनं मार्सेलच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं, जरा मायेनंच. "घरी जा मास्तर. उन्हाचं फिरू नकोस." टँकर सुरू झाला, हिंदकळत वाडीतून बाहेर पडला.

मार्सेल घरी पळत आला आणि स्कूटर काढली. रोझमेरी पडवीत आली.

"कुठं चाललास?"

"तुळिंजला."

"तिथं जाऊन काय करणार आहेस? कोण ऐकणार तुझं?"

"टाक्या उघडायला सांगतो. पाणी सोडून द्या म्हणतो. वेडा म्हणतील, म्हणू देत." त्यानं किक मारली. "तू पोरीला घेऊन आईकडे जा. आत्ता जा. आणि तिथं पाणी कुठनं आणतात ते विचार."

टँकर त्याला रेल्वे फाटकाच्या अलीकडे सापडला. रस्ता कच्चा होता, मे महिन्याची पिठासारखी धूळ चाकांखाली होती. पण ती मागे उडत नव्हती. मार्सेल टँकरच्या अगदी पाठीशी होता आणि त्याच्या तोंडावर एक कणही येत नव्हता. चाकांपासून उठलेली धूळ टँकरच्या अंगाअंगानं वर चढत होती आणि वरच्या उघड्या झाकणातून आत चालली होती. सुकी पानं चालली होती. क्लीनरच्या विडीचा धूर खिडकीतून निघून, वाऱ्याच्या उलट, त्याच झाकणाकडे चालला होता.

फाटक उघडलं. टँकर पलीकडे गेला, मागोमाग मार्सेल. दुतर्फा बिल्डिंगा सुरू झाल्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, भाजीच्या गाड्या, खाली रांगेनं मांडलेल्या रंगीत बादल्या. बायका टँकर बघून आत हाका मारायला लागल्या. कुठल्याशा बिल्डिंगच्या दारात पोरं लंगडी घालत होती. मार्सेल हॉर्न वाजवत होता, हात हलवत होता. कुणी बघितलं, कुणी नाही.

मग अचानक त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. तो खोकला. हातानं तोंड पुसलं तर हाताला माती लागली. त्यानं पुढे पाहिलं.

टँकरच्या मागे धूळ उडत होती. चाकांपासून उठून, पसरून, रस्त्यावर हळूहळू खाली बसत होती. कुठल्याही टँकरच्या मागे उडते तशी. आत ओढणं थांबलं होतं.